चपलांचं फोटोशूट, आणि त्याआधीचे पाच महिने

फोटोग्राफरकडून शेवटची लिंक आली आणि जूनपासून डोक्यावर बसलेलं एक काम उतरलं. हे करायच्या आधी मी बरंच शोधलं होतं. घरच्या छोट्या धंद्याने फोटोशूट कसं करायचं, किती पैसे धरायचे, फोटोग्राफरला काय विचारायचं? जे सापडलं ते सगळं मोठ्या शहरातलं आणि मोठ्या खिशाचं. म्हणून आमचं कसं झालं ते लिहून ठेवते. झालेल्या चुका त्यांच्या किमतीसकट लिहिल्या आहेत.

आमचं गाव निपाणीजवळ. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक आणि चप्पल कोल्हापुरी. नवीन गिऱ्हाईक इथेच अडखळतं. "कर्नाटकात केलेली कोल्हापुरी म्हणजे डुप्लिकेट का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना. तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणी, चिक्कोडी, रायबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. माझे सासरे, म्हणजे मामा, तळ कापतात आणि शिवतात. आत्ती, म्हणजे सासूबाई, आणि गल्लीतल्या दोघी चामड्याच्या वेण्या वळतात. दीर माल पोचवतो. मी हिशेब, फोन आणि ऑर्डरी बघते.

जून २०२५ च्या शेवटी प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. आधी नाव कुणाचंच नव्हतं, मग गदारोळ झाला, मग कंपनीने भारतीय मूळ मान्य केलं. हे सगळं तुम्ही वाचलंच असेल. आमच्याकडे त्याचा परिणाम एवढाच झाला, की फोन वाढले. पुण्याहून, बेंगळुरूहून, एक तर गुवाहाटीहून. आणि प्रत्येकाचं दुसरं वाक्य तेच, "फोटो पाठवा."

फोटो होते ना! ट्यूबलाइटखाली, फरशीवर, कोपऱ्यात झाडणीचं टोक आलेले. जुलैभर मी मोबाइलवर नवीन काढून बघितले. खिडकीशी पांढरी चादर अंथरली, यूट्यूबवर बघून थर्माकोलचा पत्रा समोर धरला. पाच-सहा फोटो बरे आले, पण प्रत्येकात चामड्याचा रंग वेगळा. एका बाईंनी फिकट तपकिरी बघून जोडी मागवली आणि हातात पडल्यावर परत पाठवली, "हा तर विटकरी आहे." जाण्यायेण्याचं कुरियर आमच्या अंगावर. त्या दिवशी ठरवलं, की आता नीट करून घ्यायचं. ३० हजारांच्या आत.

ऑगस्टमध्ये तीन ठिकाणी भाव विचारले. बेळगावातले एक लग्नाचे फोटोग्राफर दिवसाला ८ हजार म्हणाले. स्वस्त वाटलं, पण चपलांचे आधीचे फोटो दाखवा म्हटल्यावर त्यांनी नवरीच्या पायातले सँडल दाखवले. पुण्यातला एक स्टुडिओ फोटोमागे पैसे घेणारा होता. माल कुरियरने पाठवायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो परत येणार. हा मार्ग वाईट नाही. तुम्हाला नुसते कॅटलॉगचे फोटो हवे असतील तर हाच धरा. आम्हाला मात्र काम करतानाचे फोटोही हवे होते, आणि मामांना कुरियरने पाठवता येत नाही. तिसरे कोल्हापूरचे, वस्तूंचीच फोटोग्राफी करणारे. एका दिवसाचे १८ हजार, पन्नास फोटो एडिट करून, गाडीखर्च वेगळा. शिवाय १८ टक्के जीएसटी. ते महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात, त्यामुळे बिलावर आयजीएसटी, ३,२४० रुपये. भाव ऐकताना "टॅक्स धरून की सोडून" हे पहिल्याच फोनला विचारा. मी दुसऱ्या फोनला विचारलं आणि मधला आठवडाभर घरी १८ हजारच सांगत होते.

त्याच महिन्यात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, केली, कारण ज्या ऑनलाइन बाजारात आम्हाला माल टाकायचा होता त्यांच्या अर्जात तो नंबर विचारला होता. आधार आणि पॅन लागतं, पैसे शून्य. शोधताना सरकारी दिसणाऱ्या दुसऱ्याच साइट वर येतात आणि दीड-दोन हजार मागतात, तिथे फसू नका. माझी एक मैत्रीण फसली आहे.

सप्टेंबर सगळा कागदात गेला. फोटोग्राफरने दोन पानी करार पाठवला. दुसऱ्या पानावर लिहिलेलं, की फोटोंचे सर्व हक्क त्यांच्याकडे आणि आम्हाला वापर एक वर्ष, तोही समाजमाध्यमांपुरता. म्हणजे डब्यावर छापायचे तर परत पैसे? निपाणीतल्या ओळखीच्या वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. पण तुम्ही या कागदावर सही केलीत की तोच वेगळा करार झाला. मी घाबरत फोन केला. वाटलं, हा माणूस आता काम सोडणार. ते शांतपणे म्हणाले, हा माझा मोठ्या कंपन्यांसाठीचा छापील नमुना आहे, काय बदलू सांगा. हक्क आमचे, आणि त्यांना स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवायची मुभा, अशा दोन ओळी बदलल्या. दहा मिनिटांचं काम. मी मात्र चार दिवस झोप घालवली होती.

आगाऊ रक्कम निम्मी, १०,६२० रुपये. ती भरल्यावर खऱ्या अर्थाने पोटात गोळा आला.

जीआयचं एक सांगायला हवं, कारण मीही चुकणार होते. फोटोंवर आणि डब्यावर जीआयचं चिन्ह टाकायचं असं मी धरूनच चालले होते. आठ जिल्ह्यांत आपण आहोत, मग काय? तसं नसतं. मानांकन असलं तरी प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात वेगळं नाव नोंदवावं लागतं. फी २०२० च्या नियमबदलानंतर ५०० वरून १० रुपयांवर आली आहे, पण आपण हाच माल याच भागात करतो याचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडायला लागतात. मामांच्या नावाने अर्ज टाकलाय. तोवर फोटोत चिन्हासाठी कोपरा रिकामा सोडून घेतलाय, म्हणजे नोंदणी झाली की तेच फोटो चालतील. फोटोवर किंमतही घालू नका. आमच्या एका पाहुण्यांनी तो सल्ला दिला होता आणि २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. १,००० रुपयांवरच्या जोडीला १८ टक्के होता, तो आता २,५०० पर्यंत ५ टक्के आहे. किंमत फोटोत असती तर सगळं शूट शिळं झालं असतं.

मग यादी. यादी केल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर जाऊ नका, हे मी पोटतिडकीने सांगते. माझी पहिली यादी बारा डिझाइन, प्रत्येकाचे पाच फोटो, वर काम करतानाचे पंधरा, असे पंचाहत्तर. फोटोग्राफरने फोनवर विचारलं, "उजेड किती तास आहे तुमच्याकडे?" एक डिझाइन मांडायचं, पुसायचं, चार बाजूंनी काढायचं, म्हणजे अर्धा तास धरा म्हणाले. बारा डिझाइनचे सहा तास इथेच गेले. मग आम्ही रात्री जेवणानंतर बसून कापाकापी केली. कुठलं डिझाइन वर्षात किती खपलं ते वहीत होतंच. बारातली चार तर वर्षात वीस जोड्यासुद्धा गेली नव्हती. दिराला त्यातली एक लाल गोंड्याची फार आवडायची, त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी आठ डिझाइन, प्रत्येकी चार फोटो. तिरपा एक, वरून जोडी, तळाची शिलाई, वेणीचा जवळून. पायात घातलेले आठ. कामाचे दहा. बरोबर पन्नास.

त्या ऑनलाइन बाजाराचे नियम आधीच वाचून फोटोग्राफरला पाठवले होते. पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला. इन्स्टासाठी उभा, चारास पाच. व्हॉट्सअॅप कॅटलॉगला चौकोनी. एकच फोटो तिन्हीकडे कापून बसवायचा असेल तर काढतानाच भोवती जागा सोडावी लागते, नंतर वाढवता येत नाही.

जागा कुठली? फोटोग्राफरना "हेरिटेज लुक" हवा होता. त्यांनी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे जुन्या जैन मंदिराचे, फोटो पाठवले. १२०४ सालची बस्ती, दगडातलं कमळ, सुंदरच आहे. मी म्हटलं, दादा, तिथे आपण चपला बाहेर काढून आत जातो. फोनवर दोन क्षण शांतता, मग दोघेही हसलो. शिवाय ती पुरातत्त्व खात्याकडची संरक्षित वास्तू, तिथे धंद्यासाठी ट्रायपॉड लावायचा तर लेखी परवानगी काढावी लागते. तो विषय संपला.

आत्तींनी वखार सुचवली. निपाणी म्हणजे तंबाखू हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन याच गावचं. आत्तींची आई अशाच एका वखारीत कामाला जायची. गावात अजून जुन्या वखारी आहेत, दगडी भिंती, उंच छप्पर, कौलात मधेमधे काचेची कौलं. त्यातून पडणारा उजेड मऊ असतो, सावली धारदार पडत नाही. मालकांनी दिवसाचे २ हजार आणि एक जोडी मागितली. जोडी मी हसत दिली, पण पावती घेतली.

चपला तयार व्हायला मात्र दसरा उजाडला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पावसाळ्यात लवकर सुकत नाही, बुरशी धरतं. घाई करून चालत नाही. नमुन्याच्या जोड्या करायच्या आधी जिच्या पायात त्या दिसणार तिचं माप घ्या. नणंदेची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजच्या. (कॉलेज निपाणीला लागून, पण हद्द महाराष्ट्राची. आमच्याकडे असंच असतं.) त्यांच्या पायाचं माप कागदावर आखून घेतलं आणि मामांनी त्याच मापाच्या जोड्या केल्या. दोघींना हजार-हजार रुपये दिले. घरची मुलगी असली तरी दिवस तिचा जातो.

खरी अडचण माप नव्हती. मामा होते.

कामाचे फोटो म्हणजे मामांचे फोटो, असं मी न विचारताच धरलं होतं. दिवाळीच्या फराळाला बसल्यावर सांगितलं, तर त्यांनी चकलीचा तुकडा तसाच ठेवला. म्हणाले, "माझा फोटू कशाला? चपलीचा काढा की." मी म्हटलं, करणाऱ्याचा चेहरा दिसला की लोकांना विश्वास वाटतो. त्यावर, "पायताण करणाऱ्याचं तोंड बघून कोण पायताण घेतंय? आमची गल्ली ऐकल्यावर दारातनं आत न घेणारी बघितल्यात मी."

मी गप्प बसले. मी त्याच समाजातली, पण शहरात वाढलेली. शाळेत मला कुणी बाजूला बसवलं नाही. त्यांना बसवलं होतं. ब्लॉगवर, इन्स्टावर "आमचा वारसा" असं लिहिणं मला सोपं जातं. त्या शब्दासाठी त्यांनी काय मोजलंय ते चकलीचा तुकडा खाली ठेवताना दिसलं. पुढचे आठ-दहा दिवस मी विषय काढला नाही. दिराने काढला, काहीतरी गोडीगुलाबी केली असावी. एके सकाळी मामा आरीला धार लावता लावता म्हणाले, "हात घ्या. तोंड नको." ठरलं.

वेण्या वळणाऱ्या दोघींचंही विचारलं. साध्या कागदावर मराठीत लिहून घेतलं, की फोटो कुठे कुठे लागणार, नको वाटला तर सांगितल्यावर काढून टाकणार. दोघींना त्या दिवसाची मजुरी चारशे-चारशे. एकीने विचारलं, "आणि छान आला तर मला मिळंल न्हवं?" तो कागदात घालायचा राहिला होता, घातला.

तारीख हा वेगळाच खेळ. फोटोग्राफरना शनिवार सोयीचा. त्यांनी परस्पर १ नोव्हेंबर धरला. सीमाभागातलं कुणीही ऐकून कपाळाला हात लावेल. त्या दिवशी इकडे कर्नाटक राज्योत्सव, मराठी माणसांचा काळा दिवस, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस. कोल्हापूरची गाडी कॅमेऱ्याच्या पेट्या घेऊन त्या दिवशी आणायची? पुढचा शनिवार ८ तारखेचा. तर त्या आठवड्यात जिल्ह्यात ऊसदराचं आंदोलन पेटलं, टनाला ३,५०० ची मागणी, ठिकठिकाणी रस्ते बंद. शेवटी १५ नोव्हेंबर. बाहेरचा माणूस बोलावणार असाल तर आपल्या भागाचं कॅलेंडर त्याला आपणच सांगायचं, त्याला ते माहीत नसतं. आणि करारात तारीख बदलण्याचं कलम आहे का बघा. आमच्यात होतं, आठवडाभर आधी सांगितलं तर पैसे नाहीत. ८ ची तारीख आम्ही दोन दिवस आधी बदलली तरी त्यांनी काही घेतलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

आदल्या दिवशी वखार झाडून घेतली. तंबाखूची भुकटी फटीफटीतून निघते. दिराला शिंकांवर शिंका. त्या दिवशी दुपारी वीज जाणार असा मेसेज आला होता, म्हणून ८०० रुपये देऊन इन्व्हर्टर भाड्याने आणला. दुपारी दोन तास गेलीच. ते ८०० रुपये मी सगळ्यात आनंदाने खर्च केले.

१५ ला सकाळी साडेआठला फोटोग्राफर आले, बरोबर एक मदतनीस मुलगी. चहा झाला, मी पेट्या उघडल्या आणि थिजले. आठही जोड्या गडद. रात्री मी झोपल्यावर मामांनी सगळ्यांना तेल लावलं होतं. नवी चप्पल तेल लावूनच गिऱ्हाइकाला द्यायची ही त्यांची सवय, आणि पाहुणे येणार म्हणून हात जरा सढळ. तेलाने फिकट रंग दोन घरं पुढे जातो आणि दिव्याखाली चमकतो. फोटोग्राफरने बोट फिरवून बघितलं, काही बोलले नाहीत. मामा दारात उभे होते. मीही काही बोलले नाही. यादीतल्या प्रत्येक जोडीपुढे रंग लिहिला होता, पण "तेल लावायचं नाही" हे लिहायचं डोक्यात आलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. पाच गडद जोड्यांचं चालून गेलं. फिकट तीन जोड्यांचे फोटो काढले, पण ते चालणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं.

दहा ते दोन कॅटलॉग. कंटाळवाणं काम आहे, सांगून ठेवते. जोडी ठेवायची, पट्ट्यात कागदाचे बोळे घालून आकार धरायचा, ते बोळे दिसू नयेत म्हणून मागे ढकलायचे, ब्रशने भुकटी झाडायची. दर जोडीच्या सुरुवातीला एक करड्या रंगाचं कार्ड ठेवून फोटो, त्यावरून नंतर रंग जुळवतात. डावा-उजवा तंतोतंत सारखा नसतो, हाताचं काम आहे. मदतनीस मुलगी एका जोडीवर अडली, "ही जुळत नाही." मामा लांबून, "मशीनची घ्या मग." पण उठून आले आणि गठ्ठ्यातून दुसरी जोडी काढून दिली.

पायातल्या फोटोंच्या वेळी गंमत झाली. त्या मुलीने सजावटीसाठी पितळी तांब्या, झेंडूची फुलं आणि एक लाकडी पाट आणला होता. रांगोळी काढली आणि पाटावर जोडी मांडली. दिसत होतं फार देखणं. आत्ती वेणी वळता वळता उठल्या. "काय गं बाई, पाटावर पायताण? जेवायला बसतोय की आम्ही त्यावर." मुलगी बिचारी गोरीमोरी झाली. फोटोग्राफर म्हणाले, शहरातल्या लोकांना आवडतं असं. आत्ती म्हणाल्या, "आवडू दे. घेतल्यावर घालणार पायातच न्हवं?" पाट गेला. त्या जागी तंबाखूच्या गाठोड्यांची जुनी फळी आली, ती जास्त शोभली. तुम्हीही सजावटीचं सामान आदल्या दिवशी मागवून घरातल्या थोरल्या माणसाला दाखवा.

चारच्या पुढे मामांचे हात. काचेच्या कौलातून उजेड तिरका आला होता. रापीने तळ कापताना, आरीने भोक पाडताना, चामड्याची वादी ओढून घेताना. फोटोग्राफरने फक्त एकदा सांगितलं, "काका, नेहमीसारखं करा." मामा पाचव्या मिनिटाला विसरूनच गेले कुणी आहे ते. एकदा फोटोग्राफर दादांनी मोठ्या हौसेने स्वतः रापी धरली, तर मामांनी हात धरून अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि त्यात मामांचा अर्धा चेहरा चौकटीत आला. तो फोटो निघाला. नंतर दाखवला तेव्हा मामा बराच वेळ बघत बसले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

शेवटी गाळ्यासमोर दोन फोटो. आमची पाटी आता नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड, खाली मराठी. दीर म्हणाला, पाटी नको, कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही. मी वहीत बघितलं, निम्म्या ऑर्डरी बेंगळुरू-हुबळीच्या. पाटी घेतली.

दहा दिवसांत फोटो देतो म्हणाले होते, एकोणीस लागले. लग्नसराईचा काळ, मी समजून घेतलं, पण रोज सकाळी फोन बघायचे. ४ डिसेंबरला लिंक आली. फिकट तीन जोड्यांचे बारा फोटो अपेक्षेप्रमाणेच बाद. रंग संगणकावर हलका करता आला असता. मी नको म्हटलं, विटकरी चपलेची परत आलेली पेटी अजून माळ्यावर आहे. मामांनी तीन नव्या जोड्या केल्या, तेलाविना. १२ तारखेला मी त्या पिशवीत घेऊन एसटीने कोल्हापूरला गेले. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू, नाक्यावर तपासणी, कंडक्टर म्हणाला पिशवी उघडा. चपला बघून हवालदार हसला आणि भाव विचारला. मीही कार्ड दिलं. स्टुडिओत अर्ध्या दिवसाचे ४ हजार आणि टॅक्स ७२०. तेलाची किंमत.

एकूण ३५,९५० रुपये झाले. फोटोग्राफर टॅक्ससह २१,२४०, त्यांची गाडी दीड हजार. वखार, मुली, वेणीवाल्या, इन्व्हर्टर हे वर आलंच. कागद-थर्माकोल-बटरपेपरचे ११४०, जेवणाचे १,३५०, साड्यांच्या इस्त्रीचे आणि फुलांचे ४००. तेल लागलं नसतं तर ३१,२३० त भागलं असतं. आता धरायचे तर मी ठरवलेल्या रकमेवर पाचवा हिस्सा जास्तीचा बाजूला ठेवीन. फोटो व्हॉट्सअॅपवर घेताना "डॉक्युमेंट" म्हणून घ्या, साधे पाठवले की दाबले जातात. मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा. आमच्या एका पेन ड्राइव्हमध्ये आहेत आणि भाच्याच्या लॅपटॉपवर.

पुन्हा काढलेल्या बारातला एक फोटो तळाच्या शिलाईचा होता, तिसऱ्या फिकट डिझाइनचा. तो जरा हलल्यासारखा आला म्हणून मी सोडून दिला. राहिलेले अकरा गेल्या शनिवारी आले. रात्री जेवणं झाल्यावर मामांना फोनवर दाखवत होते. त्यांना बोटांनी फोटो मोठा करायला नुकतंच जमायला लागलंय. एका वेणीवर ते थांबले, आणखी मोठा केला, चष्मा वर सरकवला.

"हितं टाका चुकलाय."

मला काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं. चपलेच्या कानाजवळ एक टाका शेजारच्यापेक्षा अर्धा दोरा लांब. फोटो सकाळीच कॅटलॉगला चढवला होता, तीन जणांनी बघितलाही होता. म्हटलं, कुणाला कळतंय मामा. ते उठले, कोपऱ्यातल्या पिशवीतून ती जोडी काढली, आणि आरी शोधायला लागले.